फ्लॅपवर लक्ष कसं ठेवायचं: वॉर्डात नव्या आलेल्या सिस्टरसाठी

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये मांडीची कातडी गालाला लावतात, हाच फ्लॅप. तो जगतो मानेत जोडलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्यांवर. गुठळी झालीच तर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांत होते. म्हणून सुरुवातीचे ४८ तास दर तासाला बघायचं, पेशंट गाढ झोपलेला असला तरी.

टॉर्च पांढऱ्या उजेडाचा आणि दर वेळी तोच घ्या. पिवळ्या दिव्यात रंग फसवतो. तुलना शेजारच्या गालाशी नको, मांडीशी करा. कातडी तिथली आहे. सावळ्या माणसात तर हे फार उपयोगी पडतं.

मग बोटाने हलकेच दाबून सोडा. रंग दोन-तीन सेकंदांत परतला तर ठीक. परतायला वेळ लागतोय, फ्लॅप फिकट, गार, लुळा, म्हणजे धमनीतून रक्त येत नाही. हे कुणालाही कळतं. गोची होते उलट्या प्रकारात. बोट उचललं की रंग झटकन परततो आणि नवी मुलगी खुशीत 'रिफिल छान' लिहून पुढच्या कॉटकडे जाते. अगं, रक्त आत येतंय पण शिरेतून बाहेर पडत नाहीये! मागोमाग फ्लॅप जांभळट होतो, फुगतो, टाक्यांच्या कडेने काळसर रक्त झिरपतं. धमनीपेक्षा शीरच जास्त वेळा तुंबते, तेव्हा एका सेकंदातला रिफिल दिसला की तिथेच थांबा.

डॉप्लर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, सर्जनने खुणेचा टाका घातलाय तिथेच, जेल लावून, न दाबता धरा. धमनी ठोक्याठोक्याने वाजते, शीर वाऱ्यासारखी सलग. शीर बंद पडल्यावरही धमनी काही काळ वाजत राहते, त्यामुळे आवाज आला म्हणून निश्चिंत होऊ नका. सुई टोचून बघायचं काम रेसिडेंटचं.

मानेभोवती ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) फीत आवळलेली नको, डोकं जोडाच्या बाजूला कललेलं नको, एसी अंगावर नको. बीपी आणि लघवीचं प्रमाण उतरलं तर तेही लगेच कळवा.

शंका आली की 'पुढच्या तासाला बघू' नाही, ताबडतोब फोन. रात्री तीनला रेसिडेंट वैतागेल, वैतागू दे. वेळेत थिएटरमध्ये नेलं तर गुठळी काढता येते, काही तास गेले की फ्लॅप हातचा जातो. फोनची वेळ चार्टवर लिहा. आणि ड्यूटी बदलताना दोघींनी कॉटपाशी उभं राहून, त्याच टॉर्चने, एकत्र बघा.