थायरॉइडची गोळी मनानेच बंद करताय? हृदयाला महागात पडणाऱ्या या चुका टाळा

थायरॉइड कमी आहे म्हटलं की सगळ्यांचं लक्ष वजन आणि केसगळतीकडे, हृदयाचा विचार कुणी करतच नाही. आमच्या मावशीने बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली, वर्षभरात तोंड सुजल्यासारखं दिसायला लागलं, जिना चढताना दम लागायचा आणि आम्ही आपले वय झालं वय झालं म्हणत बसलो. शेवटी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाभोवती पाणी! हे हळूहळू साठतं त्यामुळे बरेच दिवस कळतच नाही, गोळी परत सुरू झाल्यावर ओसरलं पण त्यालाही काही महिने गेले.

म्हणजे पहिली चूक हीच, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) नॉर्मल आला की गोळी सोडायची. अहो तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय ना.

कोलेस्टेरॉल वाढलं की घरात लगेच तूप बंद होतं, पण थायरॉइड हार्मोन कमी पडलं की लिव्हर रक्तातलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही, तिथे तुपाचा काय दोष. अशा वेळी टीएसएच न बघता नुसती स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी) सुरू केली तर स्नायू दुखायचा त्रास वाढू शकतो. पल्स 50-55 वर आलीय आणि बीपीचा खालचा आकडा चढलाय, तरी थायरॉइड तपासून घ्या.

गोळी रोज घेऊनही टीएसएच उतरत नसेल तर आधी चहा बघा. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, मग निदान अर्धा-पाऊण तास चहा-कॉफी काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर 4 तासांचं अंतर. बऱ्याच बायका तिन्ही गोळ्या सकाळी एकदमच घेऊन मोकळ्या होतात, तिथेच गडबड होते.

याच्या उलटी चूक म्हणजे लवकर फरक पडावा म्हणून डोस स्वतःच वाढवणं, ही मला जास्त डेंजर वाटते. डोस जास्त झाला की धडधड होते, हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात. वयस्कर माणसाला किंवा आधीच हार्टचा त्रास असेल तर डॉक्टर मुद्दाम 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून सुरू करतात, त्यांना कंजूष समजू नका. डोस बदलला की 6-8 आठवड्यांनी टेस्ट, त्याआधी केली तर खरा आकडा कळत नाही.

छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, किंवा घरातलं माणूस गार पडून सारखं गुंगीत असेल तर मात्र टेस्टबिस्ट नंतर, आधी हॉस्पिटल गाठा.