सावळ्या स्किनवर लेझर हेअर रिमूव्हल: मशीनखाली बसायच्या आधी काय विचारायचं, काय सांगायचं

मी गेली काही वर्षं एका स्किन क्लिनिकमध्ये लेझर मशीन चालवते, म्हणजे तपासणं आणि सेटिंग ठरवणं डॉक्टरांचं, आणि हँडपीस, म्हणजे हातात धरून शॉट मारायचा मशीनचा भाग, माझ्या हातात. नव्याने येणाऱ्या जवळपास प्रत्येकीचा पहिला प्रश्न असतो "पॅकेज केवढ्याला पडतं?" आणि मला दरवेळी वाटतं की अगं तो नंतर विचार, आधी विचार मशीन कुठलं आहे आणि वेव्हलेंथ, म्हणजे त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी, किती. हे विचारायला अजिबात लाजू नका, आपल्या रंगाच्या स्किनला सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

कारण सांगते. लेझरचा प्रकाश मेलॅनिन शोषून घेतं, म्हणजे तो काळा रंग. केसातलं मेलॅनिन तापतं, ती उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ जळतं. पण मेलॅनिन आपल्या स्किनमध्येही असतंच ना, आणि हे केसातलं, हे स्किनमधलं असं काही मशीनला कळत नाही. गोऱ्या स्किनवर काळा केस असेल तर काम सोपं. डॉक्टर लोक स्किनचे ६ प्रकार मानतात, फिट्झपॅट्रिक स्केल म्हणतात त्याला, १ सगळ्यात गोरी, ६ सगळ्यात गडद, आपल्याकडची बहुतेक माणसं त्यात ३ ते ५ मध्ये येतात, म्हणजे केसाबरोबर वरची स्किनही तापणार हे धरूनच चालायचं.

आता वेव्हलेंथ. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट मेलॅनिनला फार जोरात पकडतं, गोऱ्यांना छान, सावळ्यांना जपून. ८०८ किंवा ८१० चं डायोड मधलं, आपल्याकडे क्लिनिकमध्ये हेच जास्त दिसतं, आणि नीट कूलिंग असेल, हात बसलेला असेल तर आपल्या स्किनवर चांगलं चालतं. १०६४ चं एनडी-यॅग खोल जातं आणि वरच्या मेलॅनिनला त्यातल्या त्यात कमी पकडतं, म्हणून गडद स्किनला तेच सगळ्यात सेफ, फक्त ते जास्त टोचतं आणि बारीक केसांवर तेवढं जोरात चालत नाही. आणि आयपीएल हे लेझरच नाही, तो दिव्याचा फ्लॅश असतो, साधारण ५०० ते १२०० पर्यंतचा सगळा मिसळलेला प्रकाश, फिल्टर लावून खालचा भाग कापतात. चुकीच्या फिल्टरने सावळ्या स्किनवर मारलं तर हँडपीसच्या काचेच्या आकाराचे चौकोनी डाग उठतात, ते घेऊन दुसरीकडून आमच्याकडे आलेल्या मुली मी पाहिल्यात. बोर्डावर "लेझर" आणि आत आयपीएल असंही असतं, म्हणून सरळ विचारा. "ट्रिपल वेव्हलेंथ" असं सांगितलं तर तिन्ही एकदम मारतात का, माझ्या स्किनला चालेल का, हे डॉक्टरांकडून कळून घ्या, काउंटरवरच्या माणसाकडून नाही.

मशीन कळलं की दुसरी गोष्ट टेस्ट पॅच. जिथे करायचंय तिथेच, कोपऱ्यात एकदोन शॉट मारायचे आणि निदान ४८ तास थांबायचं, कारण सावळ्या स्किनवर डाग लगेच दिसेलच असं नसतं. "आज ऑफर आहे, पॅचची गरज नाही" असं कोणी म्हणालं तर उठून या.

तयारी. आधीचे ४ आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंग, एपिलेटर सगळं बंद. मूळच उपटून काढलं तर लेझर जाळणार काय? अप्परलिपला दर पंधरा दिवसांनी धागा फिरवायची सवय असते, तिथेच सगळ्यात जास्त गाडी अडते, मग मधल्या काळात कात्री किंवा रेझर वापरा, रेझरने केस जाड होत नाहीत, शपथ. आदल्या दिवशी स्वच्छ शेव्ह करून या. केस वर राहिला तर तो स्किनच्या वरच जळतो, त्याची काजळी हँडपीसच्या टोकाला चिकटते आणि पुढच्या शॉटला तीच स्किनला भाजते. चांगला ऑपरेटर मधे मधे टोक पुसतो, बघा पुसतोय का. रेटिनॉलचं क्रीम वगैरे काही दिवस आधी थांबवायचं असतं, कधीपासून ते डॉक्टर सांगतील. हळद, उटणं, डिओ, मेकअप काही लावून येऊ नका.

आता जे सांगायलाच हवं ते. प्रेग्नन्सी असेल, पिंपल्सच्या गोळ्या चालू असतील, ओठावर नागीण उठून गेली असेल, कापलं-भाजलं की जाड वण धरत असेल, आणि उन्हात काळवंडला असाल तर ते तर नक्कीच. मागे एकजण कोकणात चार दिवस समुद्रावर राहून आली, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि मागच्या वेळच्याच सेटिंगवर पायाला फोड आले. चूक माझी होती, मी विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येकीला आधी "उन्हात गेला होतात का" विचारते, पण तुम्ही न विचारताही सांगा. टॅटूवर मारायचंच नाही आणि गडद तिळावरही नाही, तीळ झाकून घ्यायला सांगा.

डोळ्यांचं मी फार लावून धरते. खोलीत सगळ्यांना गॉगल हवा, आणि तो त्याच वेव्हलेंथचा हवा, ७५५ चा गॉगल १०६४ ला चालेलच असं नाही. १०६४ चा प्रकाश दिसतसुद्धा नाही म्हणजे डोळा आपोआप मिटत नाही, इजा होऊन जाते. भुवईच्या खाली, पापणीजवळ कोणी करू म्हणालं तर ठाम नाही म्हणा.

शॉट लागतो तेव्हा रबरबँड सणकन बसल्यासारखं होतं आणि जळक्या केसाचा थोडा वास येतो, ते नॉर्मल. मुळाभोवती बारीक लालसर फुगवटा येतो, तोही चांगलाच, काही तासांत किंवा दिवसभरात बसतो. पण टोक गार लागत नसेल, आग आग होत असेल, स्किन करडी किंवा पांढरट दिसत असेल तर "थांबा" म्हणा. सहन करणं यात काही कामाचं नाही. आणि सुन्न करायचं क्रीम घरून पूर्ण पायांना थापून येऊ नका, जास्त जागेवर लावलं की ते रक्तात उतरतं आणि जिवावर बेतू शकतं.

नंतर एक ते तीन आठवड्यांत केस वर येताना दिसतात, मग फोन येतो की ताई काहीच झालं नाही. अहो ते वाढत नाहीत, गळतायत. उपटू नका, आपोआप पडतील. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं रोज, बाईकवरून जाताना स्कार्फसुद्धा.

किती सेशन? केस वाढीच्या टप्प्यात असतो तेव्हाच लेझर नीट लागतं आणि एका वेळी सगळे केस त्या टप्प्यात नसतात, म्हणून ६ ते ८ सेशन, चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांनी, अंगाला ६ ते ८. लग्न असेल तर हिशोब करा, सहा सेशन म्हणजे आठनऊ महिने सहज जातात, साखरपुड्यानंतर धावत येऊन उपयोग नाही. "पर्मनंट" म्हणजे केस कायमचे बरेच कमी होतात, एकही उगवणार नाही असं नाही. पांढऱ्या केसांवर लेझर चालतच नाही, त्याला इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईने करंट देऊन एकेक मूळ मारणं.

हनुवटीवर, जबड्याखाली राठ केस येत असतील आणि पाळी पुढेमागे होत असेल तर आधी पीसीओएसची, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याच्या त्रासाची, तपासणी करून घ्या, नाहीतर इथे जाळायचे आणि आतून नवीन येत राहायचे, पैसे आणि मन दोन्ही थकतं. आणि गालावरची बारीक लव लेझरने काढायला जाऊ नका. आपल्यासारख्या स्किनवर, खास करून जबड्यापाशी आणि मानेवर, लेझरने उलट केस वाढल्याचंही होतं, लवेचे राठ केस होतात. लव आहे तशी राहू द्या, खूपच खुपत असेल तर रेझर फिरवा.

फोड आलाच तर गार पाणी किंवा कपड्यात गुंडाळलेला बर्फ, फोडायचा नाही, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं आणि फोटो काढून ठेवायचा. तसंच दर सेशनला कुठलं मशीन, किती ज्यूल (शॉटची ताकद), किती मिलिसेकंद (शॉटचा वेळ) हे कार्डावर लिहून मागा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा, उद्या गाव बदललं, क्लिनिक बदललं तर पुढच्या ऑपरेटरला अंदाजाने सुरुवात करावी लागत नाही.