तापकीर गल्लीतून आणलेली चिप कशी तपासायची

पॉलिटेक्निकच्या मायक्रोकंट्रोलर लॅबची खरेदी माझ्याकडे असते. पुण्यात तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, माल हातात घेऊन बघता येतो, म्हणून मला ती आवडते. पण चिपवर काय छापलंय त्यावर मी जात नाही. भंगारातल्या बोर्डांवरून चिपा काढायच्या, लिखाण घासायचं, वर काळा थर द्यायचा आणि महागड्या चिपचा नंबर छापायचा, हा धंदा जगभर चालतो.

आधी एक चिप अधिकृत वितरकाकडून मागवा आणि जपून ठेवा. महाग पडते, पडू दे. बाकीच्या सगळ्या चिपा तिच्याशी ताडून बघायच्या आहेत. संशोधक अशा नमुन्याला ‘गोल्डन चिप’ म्हणतात.

मग भिंग घ्या. चिप कधी बनली ते सांगणारा डेट कोड बहुधा चार आकडी असतो, आधी वर्ष, मग आठवडा. २२६१ दिसलं तर चिप तिथेच परत करा. वर्षात ६१ आठवडे कुणाकडे असतात? एक नंबरच्या पिनजवळची खळी बघा. थर दिलेल्या चिपवर ती भरून आलेली किंवा खरखरीत दिसते. ‘नवीन’ चिपच्या पायांना जुनं सोल्डर चिकटलेलं असेल तर पुढे बोलायलाच नको.

आता अ‍ॅसिटोन. रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणा, कारण बऱ्याच नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ते नसतंच. खिडकी उघडा, सोल्डरिंग आयर्न बंद करा आणि भिजवलेला इअरबड चिपच्या पाठीवर चोळा. कापूस काळा झाला तर वरचा थर निघतोय. नुसती पांढरी अक्षरं पुसली गेली तर मात्र घाई करू नका, जुन्या चिपांवर शाईचीच छपाई असायची. उलट, अ‍ॅसिटोनला दाद न देणारे लेपही बाजारात आहेत. म्हणून कापूस स्वच्छ राहिला तरी चिप संगणकाला जोडून तिला बोलतं केल्याशिवाय मी ती पास करत नाही.

एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, असेल तर एव्हीआरड्यूड या सॉफ्टवेअरने सिग्नेचर, म्हणजे चिपच्या आतला ओळख क्रमांक, वाचा. १ई ९५ ०एफ यायला हवं. १ई ९५ १४ आलं तर ती ‘पी’ नसलेली ३२८ आहे, छपाई काहीही म्हणो.

‘ब्लू पिल’ नावाच्या निळ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डांवरच्या चिपवर एसटीएम३२एफ१०३, म्हणजे एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स (एसटी) कंपनीच्या चिपचं नाव, छापलेलं असतं. एसटी-लिंक हा प्रोग्रामर जोडून ओपनओसीडी हे सॉफ्टवेअर चालवा आणि चिप देते तो ओळख कोड, म्हणजे आयडीकोड, बघा. एसटीच्या चिपचा कोड १बीए०१४७७. सुरुवातीला १ च्या जागी २ आला तर ती नक्कल. १ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, काही नकला तोही देतात. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने विकलेल्या सुसंगत चिपबद्दल माझी तक्रार नाही, तशी जीडी३२ आम्ही उघडपणे वापरतो. राग आहे तो दुसऱ्याचं नाव लावण्याचा.

‘चालतंय ना, मग झालं’ म्हणणाऱ्या मुलांना मी २०१४ ची गोष्ट सांगते. एफटीडीआय ही कंपनी उपकरणं यूएसबीला जोडणारी एफटी२३२ चिप बनवते. विंडोज अपडेटमधून आलेल्या तिच्या ड्रायव्हरने बनावट एफटी२३२ चिपांचा यूएसबी प्रॉडक्ट आयडी, म्हणजे संगणक उपकरण ज्यावरून ओळखतो तो क्रमांक, शून्य करून टाकला. चालू असलेली उपकरणं ओळखूच येईनात. ओरड झाली, ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण आपल्या यंत्रात बनावट चिप आहे हे अनेकांना तेव्हाच कळलं.

आत मुद्दाम घातलेली छुपी करामत, म्हणजे हार्डवेअर ट्रोजन, यातल्या कशानेच सापडणार नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की काही ट्रान्झिस्टरांचं फक्त डोपिंग, म्हणजे सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेली अशुद्धी, बदलूनही ट्रोजन घालता येतो. जादा तार नाही, जादा गेट नाही. चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीसारखी पाहिली तरी तो दिसत नाही. इथे माझ्या भिंगाचा काय पाड! म्हणून कुलूप, पैसे किंवा कुणाचा जीव ज्यावर अवलंबून आहे अशा प्रोजेक्टला गल्लीतली चिप मी देतच नाही, ती वितरकाकडूनच येते आणि बिल फाइलला लागतं.

नापास चिपांना लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि त्या सोल्डरिंगच्या सरावाच्या डब्यात टाका. तसंच ठेवलं तर पुढच्या सत्रात कुणीतरी त्या नव्या समजून वापरतं.