घरच्या घरी सोलर बसवताय? तार, लग आणि फ्यूजवर कंजुषी करू नका

पारोळ्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पूर्वी उन्हाळा लागला की जळक्या सबमर्सिबल मोटारींची रांग लागायची. आता त्या रांगेत करपलेले कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग सांभाळणारे डबे), फुगलेल्या बॅटऱ्या आणि टूं-टूं करणारे इन्व्हर्टरही येऊन बसतात. आणणाऱ्याचं म्हणणं ठरलेलं, "भाऊ, पॅनल तं नवंच शे, बॅटरी बी नवीच शे, तरी इन्व्हर्टर ओरडस." पॅनल आणि बॅटरी बहुतेक वेळा खरंच चांगली असतात. घोळ असतो त्यांच्या मधल्या सामानात. दुकानात गेल्यावर आपला जीव पॅनलच्या वॅटवर आणि बॅटरीच्या अँपिअरवर असतो. तार, लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी), फ्यूज, कंट्रोलर हे सगळं "जे असेल ते द्या" म्हणून पिशवीत पडतं.

खान्देशात उन्हाची कमी नाही. साक्री तालुक्यात महानिर्मितीनं १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उगाच नाही उभारला. पण त्या उन्हाची वीज गच्चीवरून कूलरपर्यंत जाते ती तारेतूनच.

घरात पडलेली तार वापरणं

हा माझा सगळ्यात नावडता प्रकार, म्हणून आधी हाच.

दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी एरंडोलकडच्या एका जिभाऊंचा फोन आला. लेकी माहेरी आलेल्या, घर भरलेलं, आणि कूलर लावला की दोन मिनिटांत इन्व्हर्टर बंद. 'लो बॅटरी'चा लाल दिवा. त्यांनी बॅटरी दुकानदाराला दाखवली, त्यानं "बॅटरी गेली" म्हणून दुसरी दिली. तीही तशीच. मी पोहोचलो तेव्हा तिसरी घ्यायची बोलणी चालली होती.

घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. बॅटरी ओसरीत, कारण आत तिचा वास येतो. इन्व्हर्टर मधल्या खोलीत टीव्हीजवळ, कारण तिथं तो शोभून दिसतो. मध्ये दहा मीटरचं अंतर. त्यासाठी वापरलेली तार म्हणजे जुन्या बोअरची चपटी सबमर्सिबल केबल, ४ स्क्वेअर एमएमची. "तांब्याची आहे, पाच एचपीची मोटार चालायची हिच्यावर," जिभाऊ म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. मोटार चालायची, पण ती ४१५ व्होल्टवर. इथं काम १२ व्होल्टचं.

मी मल्टिमीटर काढला. कूलर, दोन पंखे आणि टीव्ही चालू केला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.३ व्होल्ट. धावत आत जाऊन इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावला, तर ९ च्या आसपास. लगेच टूं-टूं, बंद. सव्वातीन व्होल्ट वाटेतच गायब.

हिशोब साधा आहे. एवढ्या लोडला १२ व्होल्टवर ३५ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. दहा मीटर जायचे आणि दहा यायचे, अशी वीस मीटर तार, तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०९५ ओहम. ३५ ला त्यानं गुणलं की ३.३ व्होल्ट. २३० व्होल्टमधून तीन व्होल्ट गेले तर कुणाला कळणारही नाही. १२ मधून तीन गेले म्हणजे पाव हिस्सा गेला, आणि उरलेल्यात इन्व्हर्टरला वाटतं बॅटरी संपली. बिचाऱ्याला दिसतंय तेच तो सांगतोय. वर टर्मिनलला लग नव्हता, तारेची टोकं पिळून नटाखाली दाबलेली. नटाला हात लावला तर चटका बसला.

इन्व्हर्टर उचलून ओसरीत आणला, बॅटरीच्या शेजारी हातभर अंतरावर. मध्ये २५ स्क्वेअर एमएमची तार, दोन्ही टोकांना क्रिंप केलेले, म्हणजे टूलनं दाबून घट्ट बसवलेले लग. तिथून आत फक्त २३० व्होल्टची साधी वायर नेली. अर्ध्या तासाचं काम. पहिली बॅटरी अजून त्यांच्याकडं आहे, चांगली चालते. दुसरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

तेव्हापासून माझी सवय अशी की 'लो बॅटरी' म्हणून कुणी आलं तर बॅटरीकडं पाहायच्या आधी दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजायचं, तेही लोड चालू असताना. लोड नसताना सगळ्याच तारा चांगल्या असतात. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की तार बदला. लग पकडीनं चेपू नका, क्रिंपिंगचं टूल भाड्यानं आणा. आणि लांब अंतर कापायचंच असेल तर ते २३० व्होल्टच्या बाजूला नाहीतर पॅनलच्या बाजूला कापा, बॅटरीच्या बाजूला कधीच नाही.

मोठं पॅनल, स्वस्त कंट्रोलर

ही चूक माझी स्वतःची. लोकांना शहाणपण शिकवणाऱ्यानं ती केली, म्हणून सविस्तर सांगतो.

दुकानाच्या गच्चीवर ३३५ वॅटचं, ७२ सेलचं पॅनल बसवलं. घरात १२ व्होल्टची एकच बॅटरी होती आणि एक पीडब्ल्यूएम कंट्रोलर पडून होता. म्हटलं, आत्ता लावू, पुढं बघू. डिसेंबरची दुपार, आकाश लख्ख. क्लॅम्प मीटर लावला तर बॅटरीत जेमतेम पावणेनऊ अँपिअर. १३ व्होल्टनं गुणलं तर ११५ वॅटसुद्धा भरत नाहीत. पॅनल पुसलं, कनेक्टर काढून घातले, पॅनलवाल्याला मनात चार शिव्या घातल्या. दोन दिवसांनी डोक्यात उजेड पडला.

हे पॅनल ३७-३८ व्होल्टवर नऊच्या जवळ अँपिअर देतं, तेव्हा त्याचे ३३५ वॅट होतात. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे एक हुशार स्विच. तो पॅनल सरळ बॅटरीला जोडतो, मग पॅनलला बॅटरीच्या १३ व्होल्टवर खाली यावं लागतं. करंट तेवढाच राहतो, वरचे चोवीस-पंचवीस व्होल्ट वाया. म्हणजे दोन तृतीयांश पॅनल मी गच्चीवर शोभेला ठेवलं होतं. त्यात माझं नशीब चांगलं. अशा पॅनलचं ओपन सर्किट (काहीच जोडलेलं नसतानाचं) व्होल्टेज ४६ च्या आसपास असतं, आणि कितीतरी स्वस्त कंट्रोलर तेवढ्यानं तिथंच जळतात.

पीडब्ल्यूएमच वापरायचा असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीला ३६ सेलचं, १८ व्होल्टवालं पॅनल घ्या. मोठं पॅनल असेल तर एमपीपीटी जातीच्या कंट्रोलरला पर्याय नाही. तो जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलून देतो. पण डब्यावर एमपीपीटी छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. ऑनलाइन मिळणारे कित्येक चिमुकले डबे आतून पीडब्ल्यूएमच असतात. मी आधी हातात घेऊन वजन बघतो. खऱ्या एमपीपीटीत कॉइल असते, मागं ॲल्युमिनियमचं जाड हीटसिंक असतं, वस्तू जड लागते. साबणाच्या वडीएवढा हलका असेल तर परत द्या.

घाईत जोडणं

आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलटं, आधी पॅनल. कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. नवीन पोरं व्हिडिओ बघतात, तोही दुप्पट वेगानं, आणि नेमकं हे वाक्य सुटतं.

डीसीला एसीचा एमसीबी

घरातला साधा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) पॅनलच्या लाइनला लावलेला मी महिन्यातून एकदा तरी बघतो. घरच्या लाइनचा एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळं स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. पॅनल-बॅटरीचा डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, आतलं प्लास्टिक वितळतं. डीसी लिहिलेलाच एमसीबी घ्या, त्यावर + आणि – ची खूण असेल तर तशीच जोडा. बॅटरीच्या प्लसवर एक वीतभर अंतरात फ्यूज हवाच. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते, तारेला विस्तव व्हायला वेळ लागत नाही.

कूलरचा हिशोब न करणं

१५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. तिला निम्म्याखाली नेली तर ती लवकर मरते, म्हणून हातात ९००. इन्व्हर्टर त्यातलं थोडं खातो. उरलेल्यात १८० वॅटचा कूलर जेमतेम सव्वाचार तास. रात्री अकराला लावला तर सव्वातीनला सगळे घामानं जागे. तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा त्याच बॅटरीवर रात्रभर फिरून उरतो. कूलर दुपारी चालवा, पॅनल जोरात असताना.

मे महिन्यात पॅनल कमी वीज देतं म्हणून भांडणं

पॅनलवरचे वॅट २५ अंश सेल-तापमानाचे असतात. भुसावळ-जळगावकडं हवाच ४४-४५ अंश असते, काचेखालचा सेल ६५-७० पर्यंत जातो. पंचवीसच्या वर प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के घट धरली तर पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलेच. पत्र्याला चिकटवून ठेवलं तर आणखी. खाली वीतभर जागा ठेवा, हवा खेळू द्या. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर अजिबात मारू नका. सकाळी चहाच्या आधी पुसा.

विटा ठेवून पॅनल उभं करणं

मे-जूनचं वादळ रावेर-यावलकडं केळीच्या बागा आडव्या करतं. तुमच्या दोन चौरस मीटरच्या पॅनलला चार विटा काय धरणार? धाब्यावर मातीत खिळे ठोकले की पावसाळ्यात घरात गळती. त्यापेक्षा अंगणात पाइपाचा स्टँड गाडून पाया काँक्रीटमध्ये भरा. तोंड दक्षिणेला, कल वीस-एकवीस अंश. टाकीची किंवा डिशची सावली काही सेलवर पडली तरी पॅनलचा तिसरा हिस्सा बंद पडतो, म्हणून डिसेंबरची लांब सावली धरून जागा ठरवा.

लाइट गेल्यावर ऑन-ग्रिड चालेल समजणं

नाही चालत. ऑन-ग्रिड म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलर. महावितरणची लाइट गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या पॅनलचा शॉक बसेल. सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, घ्या जरूर, पण ते रीतसर नोंदणीकृत ठेकेदाराकडून. घरचा इन्व्हर्टर उलटा प्लग करून लाइनमध्ये वीज सोडणाऱ्याला मी दुकानाची पायरी चढू देत नाही.

बॅटरीत घरचं पाणी

परवाच एक जण आरओचं पाणी घालून आला, "मिनरल आहे" म्हणून कौतुकानं सांगत होता. तेच तर नको असतं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो, ते बॅटरीत गेलं तर प्लेटांचं काय होईल विचार करा. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणून बॅटरीशेजारी ठेवा. उन्हाळ्यात दर महिन्याला झाकणं उघडून बघा, जवळ विडी नको, खिडकी उघडी हवी. त्याच्या बॅटरीच्या तीन खान्यांत पाणी गढूळ झालं होतं. ठेवून घेतलीय, चार्जवर लावून बघतो.