शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पैसा आणि उपकरणे कशी उभी करावीत

इंजिनिअरिंग असो, बी.एस्सी. असो की बी.फार्म., प्रोजेक्टचा खर्च बहुतेक कॉलेजांत विद्यार्थीच वर्गणी काढून भागवतात. ज्याच्या घरून पैसे येतात त्याला त्याचे काही वाटत नाही. ज्याचे मेसचे बिल थकले आहे, तो मात्र विषय निवडतानाच स्वस्तातले काहीतरी शोधतो, किंवा बाजारात मिळणारा तयार प्रोजेक्ट आणून त्यावर आपले नाव घालतो. चांगल्या डोक्याच्या मुलांचे हे नुकसान मला बघवत नाही, कारण ते टाळता येते. मदत मिळते. फक्त ती मागण्याचा एक क्रम आहे: आधी जे पडून आहे ते वापरायचे, मग उसने मागायचे, मग वस्तुरूपाने घ्यायचे आणि रोख पैशाकडे सगळ्यात शेवटी वळायचे. बहुतेक गट नेमके उलट्या बाजूने सुरू करतात.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नाशिककडच्या एका गटाला द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा किती तास टिकतो हे मोजणारे यंत्र बनवायचे आहे. पान जास्त वेळ ओले राहिले की डाऊनीची, म्हणजे केवड्याची लागण होते. ओलाव्याचे तास कळले तर फवारणी कधी करायची आणि कधी टाळायची, हे बागायतदाराला ठरवता येते.

पहिली पायरी: विषयाआधी यादी

"आम्हाला अंदाजे पन्नास हजार लागतील" असे म्हणणाऱ्याला कोणीही पैसे देत नाही, आणि ते बरोबरच आहे. वस्तू, नग, दर, कुठे मिळेल, असा तक्ता करा. शेवटी आणखी एक रकाना ठेवा: ही वस्तू विकतच हवी, उसनी चालेल, की एकदाच लागणार आहे? सगळे गणित या रकान्यावर फिरते.

आपल्या गटाची यादी साधारण अशी होईल. ईएसपी-३२ बोर्ड, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेला छोटा संगणक, पाचेकशे रुपयांचा. लांबवर बिनतारी संदेश पाठवायला लोरा नावाच्या रेडिओ मॉड्यूलची जोडी हजाराच्या आसपास. तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर, छोटे सोलर पॅनल, बॅटरी, चार्जिंग सर्किट, पाणी न शिरणारी पेटी. हे सगळे उसने चालणार नाही, कारण ते बागेत राहणार आहे. पानाचा ओलावा मोजणारा परदेशी सेन्सर मात्र एकटाच दहा हजारांच्या पुढे जातो, आणि तिथे गट हबकतो. पण नीट विचार केला तर तो सेन्सर यंत्रात लागतच नाही. तांब्याच्या दोन कंगव्यांसारख्या रेघा एकमेकींत गुंतवलेला साधा पीसीबी, म्हणजे छापील सर्किटची पट्टी, पानासारखा टांगला तर पाण्याचा थर बसल्यावर त्याचा विजेला होणारा रोध बदलतो. तोच आपला सेन्सर. परदेशी सेन्सर लागतो तो फक्त आपले आकडे पडताळून पाहण्यासाठी, तेही दोन-तीन आठवडे. म्हणजे ती उसनी घ्यायची वस्तू झाली. यादीतली सगळ्यात महाग ओळ खर्चातून निघून गेली.

उरलेल्या यादीत तीन गोष्टी विसरू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक सामानावर १८ टक्के जीएसटी लागतो. बोर्ड जळतात, म्हणून महत्त्वाच्या वस्तूंचा एक जास्तीचा नग धरा. आणि बागेत जाण्यायेण्याचा खर्च लिहा. तो न लिहिल्यामुळे पुन्हा वर्गणीची वेळ येते.

भाव घरबसल्या ऑनलाइन बघा, पण एकदा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत प्रत्यक्ष चक्कर मारा. तिथले दुकानदार कोणता पार्ट टिकतो आणि कोणता परत येतो हे तोंडावर सांगतात, आणि ही माहिती वेबसाइटवर मिळत नाही.

दुसरी पायरी: जे आहे ते शोधा

प्रत्येक विभागात डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही असते. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन ते चाळा. त्याहून चांगले म्हणजे लॅब असिस्टंटशी बोला. कोणत्या कपाटात कोणता ऑसिलोस्कोप प्लॅस्टिकच्या आवरणासकट पडून आहे, हे त्यांना पाठ असते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये डोकवायला आणि रसायनशास्त्रवाल्यांनी फिजिक्सच्या लॅबमध्ये विचारायला लाजू नये.

आपल्या कॉलेजात नसेल तर शेजारी बघा. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२१ पासून निवडक इंजिनिअरिंग कॉलेजांत आयडिया लॅब उभ्या करायला मदत दिली. तिथे थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, पीसीबी बनवण्याची यंत्रे असतात, आणि आसपासच्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाही त्यांचा उपयोग व्हावा ही कल्पना मुळातच त्या योजनेत आहे. आपल्या प्राचार्यांचे पत्र घेऊन जा. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची खुली कार्यशाळा आहे. अमेरिकेबाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या काही फॅब लॅबपैकी ती एक, आणि तिथल्या लोकांना शेतीची उपकरणे हाताने बनवण्याचा मोठा अनुभव आहे.

मोठ्या उपकरणांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, एक्स-रे डिफ्रॅक्शन, एनएमआर वगैरेसाठी, कोणताही विद्यार्थी गट पैसे उभे करू शकणार नाही, आणि गरजही नाही. केंद्र सरकारच्या मदतीने चालणारी 'सैफ' ही महागड्या चाचणी-उपकरणांची केंद्रे आयआयटी मुंबईत आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. तिथे प्रत्येक नमुन्यामागे शुल्क भरून चाचणी करून मिळते, आणि शैक्षणिक संस्थांचे दर कंपन्यांपेक्षा कमी असतात. देशभर कुठल्या संस्थेत कोणते उपकरण आहे हे शोधायला २०२० मध्ये सुरू झालेले आय-स्टेम पोर्टल आहे. तिथे उपकरण शोधता येते आणि वेळही मागता येते. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नमुने तयार होण्याआधीच चौकशी करून ठेवा.

सॉफ्टवेअरवर एक रुपयाही घालवू नका. सर्किटच्या आराखड्यासाठी कायकॅड आणि वस्तूंच्या ड्रॉइंगसाठी फ्रीकॅड मोफत आहेत, आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने सर्किट तपासणाऱ्या ईसिमसारखी साधने तयार केली आहेत, आणि बऱ्याच व्यावसायिक पॅकेजांच्या विद्यार्थी आवृत्त्या कॉलेजच्या ईमेलवर मोफत मिळतात. मशीन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्ड विकत घेण्याचा हट्ट सोडा. लहान मॉडेलसाठी गूगल कोलॅब ही ब्राउझरमध्ये चालणारी सेवा पुरते.

आपल्या द्राक्षवाल्या गटाने या पायरीवर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला पत्र लिहावे. पैसे मागू नयेत. आमचे यंत्र तुमच्या हवामान उपकरणांशेजारी काही आठवडे लावून आकडे ताडून बघू द्याल का, एवढेच विचारावे. असे विचारणाऱ्याला 'हो' म्हणणे शास्त्रज्ञांना सोपे जाते.

तिसरी पायरी: वेळ

सहाव्या सेमिस्टरमध्येच कामाला लागा. कॉलेजचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पुढच्या वर्षाचे बजेट त्याआधी काही आठवडे तयार होत असते. विभागाच्या मागणीत तुमची ओळ तेव्हा गेली तर जुलैत पैसे असतात. जुलैत मागायला गेलात तर "बजेटमध्ये तरतूद नाही" हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते उत्तर देणाऱ्याचा दोष नसतो.

चौथी पायरी: कोणाकडे मागायचे

आधी आपले कॉलेज. मार्गदर्शक शिक्षकांना विद्यापीठाकडून लहान संशोधन निधी मिळाला असेल आणि तुमचा विषय त्यांच्या कामाला जोडून असेल, तर उपकरणाचा प्रश्न तिथेच सुटू शकतो. म्हणून विषय ठरवण्याआधी सरांच्या किंवा मॅडमच्या चालू कामाबद्दल विचारा.

मग स्पर्धा आणि सरकारी योजना. इथे एक फरक लक्षात ठेवा: बक्षीस काम झाल्यावर मिळते, अनुदान कामाआधी. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे. मानव्यविद्यांपासून शेती आणि औषधनिर्माणापर्यंत सहा विभागांत ती होते, आणि तिथे मिळालेली ओळख पुढे फार उपयोगी पडते. पण तिच्या भरवशावर सामान घेऊ नका. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचेही तसेच. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, आणि हार्डवेअरचा वेगळा विभाग. तिथले प्रश्न मंत्रालयांनी आणि कंपन्यांनी दिलेले असतात, त्यामुळे चांगला विषय मिळायलाही ती जागा योग्य आहे.

बेळगाव, निपाणीकडच्या कॉलेजांत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी मात्र खरे अनुदान आहे. बंगळुरूच्या कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेचा विद्यार्थी प्रकल्प कार्यक्रम चार दशकांहून जास्त काळ चालू आहे. कॉलेजमार्फत प्रस्ताव पाठवायचा, निवड झाली तर प्रोजेक्ट चालू असतानाच मदत मिळते. महाराष्ट्रात असे काही दरवर्षी, ठरलेल्या तारखांना, प्रत्येक कॉलेजपर्यंत पोचेल अशा रीतीने व्हायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रोजेक्टच्या पुढे जाऊन वस्तू बाजारात आणायची जिद्द असेल, तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'निधी-प्रयास' योजना बघा. प्रत्यक्ष वस्तूच्या प्रोटोटाइपसाठी, म्हणजे पहिल्या चालत्या नमुन्यासाठी, १० लाखांपर्यंत मदत होते, ती नवउद्योगांना आधार देणाऱ्या इनक्युबेशन केंद्रांमार्फत. नुसत्या सॉफ्टवेअरला ती नाही. आठव्या सेमिस्टरचे गुण मिळवणे एवढाच हेतू असेल तर तिकडे वेळ घालवू नका.

आता उद्योग. 'सीएसआर', म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो, पण कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा दोन टक्क्यांचा खर्च फक्त मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यापैकी एखादी मर्यादा ओलांडणाऱ्या. तो पैसा चार मुलांच्या गटाला मिळत नाही. सीएसआरची कामे घेण्यासाठी सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी केलेल्या संस्थेला मिळतो. म्हणून सीएसआरसाठी कॉलेजने संपूर्ण लॅबचा प्रस्ताव द्यावा. गटाने मात्र जवळच्या एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदाराकडे जावे. तो लाख रुपये देणार नाही, पण सुट्टीच्या दिवशी मशीन मोकळे असताना तुमचे चार पार्ट कापून देईल, उरलेला पत्र्याचा तुकडा देईल, आणि तुमच्या ड्रॉइंगमधली चूकही दाखवेल. जाताना योग्य मापांचे ड्रॉइंग घेऊन जा. बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांसाठी गाड्या बनवणारे संघ पाइप, बेअरिंग, वेल्डिंग अशीच मदत वस्तुरूपाने गोळा करतात.

माजी विद्यार्थ्यांकडे जरूर मागा, पण एका कायदेशीर बाबीची काळजी घ्या. अमेरिकेत नोकरी करणारा जो अजून भारतीय नागरिक आहे, तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत कॉलेजला देणगी देऊ शकतो. ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी परकीय ठरते, आणि ती घ्यायला कॉलेजकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा परवानगी लागते. अशा वेळी आधी कॉलेजच्या अकाउंट्स विभागाला विचारा.

पाचवी पायरी: पत्र

एक पान, त्याहून जास्त नाही. कारखानदाराला लिहायचे असेल तर असे:

"माननीय महोदय, सप्रेम नमस्कार. आम्ही इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी द्राक्षबागेत पानांवरचा ओलावा मोजणारे यंत्र बनवत आहोत. ते बसवायला पावसात टिकणाऱ्या सहा पेट्या लागणार आहेत. सोबत ड्रॉइंग जोडले आहे. आपल्याकडील लेझर कटिंग मशीनवर हे काम सुमारे दोन तासांचे आहे. ऑक्टोबरच्या छाटणीआधी पेट्या मिळाल्या तर यंत्रे पूर्ण हंगामभर बागेत राहतील. पेट्यांवर आणि अहवालात आपल्या कारखान्याचे नाव कृतज्ञतापूर्वक लिहू. मार्गदर्शक प्राध्यापकांचे पत्र सोबत आहे. आपल्या सोयीच्या वेळी येऊन भेटू का?"

या पत्रात काय हवे, किती हवे, कधी हवे आणि का, हे सगळे आहे. "आपण थोर उद्योजक आहात" हे नाही. पत्र ईमेलने पाठवा, चार दिवसांनी फोन करा आणि मग प्रत्यक्ष जा. छोट्या कारखान्यात निर्णय मालक घेतो, आणि तो ईमेलपेक्षा समोर उभ्या असलेल्या मुलांना लवकर उत्तर देतो.

सहावी पायरी: पैशाचा रस्ता

इथे ढिलाई नको. रोख मदत कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर घेऊ नका. कॉलेजच्या खात्यात घ्या आणि पावती द्या. खरेदीआधी तीन ठिकाणची कोटेशन मागवा, तुलनात्मक तक्ता करा, विभागप्रमुखांची सही घ्या, मगच ऑर्डर द्या. बिल कॉलेजच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह हवे. कच्च्या चिठ्ठीवर आणलेल्या सामानाचे पैसे परत मिळत नाहीत. सरकारी कॉलेजात जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून खरेदी करावी लागते, त्याला लागणारा वेळ धरून चाला. योजनेतून अनुदान आले असेल तर शेवटी विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक बिलाचा फोटो पहिल्या दिवसापासून एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि गटातल्या एकाच व्यक्तीवर हिशेबाची जबाबदारी द्या.

सातवी पायरी: पुढच्या बॅचकडे

पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा 'स्वयम्' हा साधारण एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटवरून अवकाशात गेला. तो कोणा एका वर्गाने बनवलेला नाही. अनेक बॅचेसनी काम केले, पास झाले, आणि पुढच्यांच्या हातात ते सोपवले. महाग उपकरण एकदाच येते, त्यामुळे ते सोपवण्याची रीत घालून देणे हेही निधी उभारण्याचेच काम आहे.

प्रोजेक्ट संपला की टिकाऊ सामान डेडस्टॉकला चढवा, सर्किट आणि प्रोग्राम सरांकडे द्या, कोणता पार्ट का जळला हे एका पानावर लिहा. ज्यांनी मदत केली त्यांना दोन फोटो आणि एक पानाचा अहवाल पाठवा. नाशिकच्या गटाने बागायतदारालाही त्याच्या बागेतले आकडे त्याला वाचता येतील अशा मराठीत द्यावेत. आणि हे सगळे निकालाआधी करा, कारण निकाल लागला की गट चार शहरांत पांगतो आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.