जुन्या ड्रॉइंगमधला तेराचा पाना

नोकरीच्या पहिल्या वर्षी पाच एचपीच्या नव्या ओपनवेल (विहिरीत बसवायच्या) पंपाची रिक्वायरमेंट, म्हणजे पंप कसा हवा ते, लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या मॉडेलची शीट उघडली, नाव बदललं, हेड-डिस्चार्जचे (पाणी किती उंच आणि किती जाणार याचे) आकडे वाढवले आणि संध्याकाळी साहेबांपुढे ठेवली. त्यांनी केसिंगच्या, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या ओतीव कवचाच्या, ओळीवर बोट ठेवलं.

"केसिंगची जाडी ८ मिलीमीटर. का रं?"

"सर, जुन्यात तेवढीच आहे."

"ते दिसतंय. जुन्यात का आहे?"

दोन दिवस गेले. ड्रॉइंगच्या रिव्हिजनच्या चौकटीत नुसतं 'जाडी वाढवली'. शेवटी पॅटर्न शॉपच्या (ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या खात्याच्या) मिस्त्रीकाकांनी उलगडा केला: तेव्हाच्या फाउंड्रीत याहून पातळ ओतकाम नीट भरत नसे. म्हणजे ही पंपाची गरज नव्हतीच, फाउंड्रीची अडचण होती. ती फाउंड्री कधीच बदलली, जादा लोखंड मात्र आम्ही ओततच होतो.

व्होल्टेजचं उलटं. शीटवर ४१५ व्होल्ट, आणि सर्व्हिसच्या रजिस्टरात जळालेल्या वाइंडिंगची (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीची) रांग. लाइनच्या टोकाच्या शेतात व्होल्टेज फार खाली जातं. मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ३०० व्होल्टला जेमतेम निम्मा उरतो. खरी गरज ड्रॉइंगवर नव्हतीच, ती रजिस्टरात होती. 'कमी व्होल्टेजला चांगला चालावा' असं लिहू नका. ते तपासणार कसं? '३०० व्होल्टला सुरू व्हावा' लिहिलं की टेस्ट बेडवर व्होल्टेज पाडून बघता येतं.

आता माझी चूक. बाहेरचे एम८, म्हणजे तेराच्या पान्यानं फिरणारे, षटकोनी बोल्ट मला गावठी वाटले, म्हणून नव्यात ॲलन बोल्ट (डोक्यातल्या खाचेत वेगळी चावी घालून फिरवायचे) घातले. दिसायला झकास! पहिल्याच हंगामात तक्रारी आल्या. वाइंडिंगवाल्याकडे पंप पोचले ते बोल्टची डोकी छिन्नीनं उडवलेले. जुन्या पंपाचे बाहेरचे सगळे बोल्ट एकाच मापाचे होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. कुणी हे कुठं लिहून ठेवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं ते रिटायर झालेले.

तेव्हापासून शीटवर प्रत्येक आकड्याशेजारी 'का' असा एक रकाना ठेवतो. जुन्या ड्रॉइंगवरून तो भरत नाही. सर्व्हिसवाले, पॅटर्नवाले, वाइंडिंगवाले यांच्याकडे चहाला जावं लागतं. काही घरं रिकामीच राहतात. तिथलं मी उगाच बदलत नाही, आधी विचारतो.

बोल्टच्या ओळीत आता लिहिलंय: एम८, षटकोनी डोकं. का: विहिरीच्या काठावर तेराच्या पान्याशिवाय दुसरा पाना नसतो.