हेरकथा आधी वाचायची की आधी बघायची?

सगळ्यांत आधी एक शंभर पानी वही आणा. डावं पान कादंबरीचं, उजवं सिनेमाचं. दोन्ही पानांवर एकच प्रश्न लिहायचा: या घडीला कोणाला काय ठाऊक आहे? हेराला किती, ज्याच्या घरात तो राहतोय त्याला किती, आणि आपल्याला किती. हेरकथा चालते ती यावरच. बंदुका, बोटी, पाठलाग हे सगळं नंतरचं.

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही नऊ-दहा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा घेऊन बसतो. पहिल्या खेपेला आम्ही फरकांची यादी केली. अमुक पात्र गाळलं, तमुक प्रसंग बदलला. दोन तास नुसती वादावादी झाली आणि गोष्टीबद्दल कोणी बोललंच नाही. वही त्यानंतर आली.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करा. हरिंदर सिक्का यांची ‘कॉलिंग सेहमत’ ही कादंबरी 2008 सालची, आणि तिच्यावरचा मेघना गुलजार यांचा ‘राजी’ 2018चा. काळ 1971च्या युद्धाचा. काश्मीरची एक तरुण मुलगी वडिलांच्या शब्दाखातर पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते आणि तिथून भारताला बातम्या पाठवते. सिक्का स्वतः नौदलातले. कारगिल युद्धाच्या वेळी एका लष्करी अधिकाऱ्याने आपल्या आईबद्दल सांगितलं, त्यातून ही कादंबरी उभी राहिली, असं ते सांगतात.

इथे माझा सल्ला स्पष्ट आहे: सिनेमा आधी बघा. सिनेमा सेहमतच्या कामगिरीवर घट्ट बांधलेला आहे. कादंबरी मात्र परत आल्यानंतरच्या सेहमतजवळ बराच वेळ थांबते. तिचं मन मोडतं, ती मालेरकोटल्यात जाऊन राहते. कॉलेजातला अभिनव हा मित्रही कादंबरीत आहे, सिनेमात नाही. सिनेमा बघून पोटात जो गोळा येतो तो घेऊन ही पानं वाचायला घ्या. उलट क्रमाने गेलात तर सिनेमा अपुरा वाटेल, आणि तो तसा मुळीच नाही.

बघताना एक प्रसंग निवडा आणि तो तीनदा बघा. आम्ही अब्दुलचा निवडला. अब्दुल हा घरातला जुना नोकर. पहिल्या दिवसापासून त्याला या सुनेचा संशय आहे. त्याला कळतं, तो पळत सुटतो आणि सेहमत त्याच्यामागे गाडी काढते. आता मागे जाऊन तिची पडद्यावरची पहिली ओळख बघा: दिल्लीच्या रस्त्यावर गाडीखाली येणाऱ्या खारीला वाचवायला धावणारी कॉलेजकन्या. तीच मुलगी, तेच चाक. दिग्दर्शिकेने यावर एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही. दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा, म्हणजे आलिया भट्टचा चेहरा किती बोलतो ते दिसेल. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. लिहिणाऱ्याला तिच्या मनातलं सरळ सांगून टाकता येतं. सिनेमाला ते चेहऱ्यातून, श्वासातून काढावं लागतं.

‘ऐ वतन’ गाण्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. पाकिस्तानी शाळेतली मुलं गातायत, समोर लष्करी अधिकारी बसलेत आणि गाणं बसवून घेतलंय सेहमतने. शब्द सगळ्यांना एकच ऐकू येतात, पण तिच्या मनातलं वतन वेगळं आहे आणि हे त्या सभागृहात फक्त तिला ठाऊक आहे. तिला आणि आपल्याला. गुलजारांनी शायर इक्बालच्या ‘लब पे आती है दुआ’ या पाकिस्तानी शाळांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतल्या ओळीही त्यात घेतल्या आहेत, म्हणून ते तिथल्या शाळेत मुळीच परकं वाटत नाही. कागदावर हे असं साधणं मला तरी अवघड वाटतं. जाता जाता, मुनिरा म्हणजे सेहमतची जाऊ, ती भूमिका आपल्या अमृता खानविलकरची आहे. तिच्याकडेही नीट बघा. काहीही ठाऊक नसलेल्या माणसांची वेदना तिच्या वाट्याला आली आहे.

लाल पेन इतिहासासाठी, निळं गोष्टीसाठी. कादंबरीत किंवा सिनेमात खऱ्या घटनेचं नाव आलं की लाल खूण करायची आणि ती घटना वेगळी वाचायची. इथली मोठी लाल खूण म्हणजे ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी. ती ‘विक्रांत’ या भारतीय विमानवाहू नौकेच्या मागावर होती. ‘विक्रांत’ अंदमानकडे हलवलेली होती आणि ती विशाखापट्टणमलाच आहे असा भास भारतीय नौदलाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी उभा केला होता. ‘राजपूत’ या विनाशिकेवरून तशा बिनतारी संदेशांची ये-जा ठेवली आणि बाजारात मोठ्या जहाजाला लागेल एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवली. 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमजवळ बुडाली. कशामुळे, यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. म्हणून सेहमतच्या बातमीने ‘विक्रांत’ वाचली, हे वाक्य निळ्या पेनानेच लिहायचं. ते गोष्टीचं सत्य आहे.

या पानावर घरातल्या वडीलधाऱ्यांना बोलतं करा. माझ्या सासूबाई तेव्हा माझगावच्या चाळीत राहायच्या. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले आणि कोणाच्या दारातून उजेडाची तिरीप आली की खालून पोरांची आरोळी. त्यांनी हे सांगितलं आणि ज्याला 1971 म्हणजे निव्वळ सनावळी वाटत होती, तो आमच्यातला सगळ्यांत धाकटा मुलगा ताठ बसला.

दुसऱ्या महिन्यात केन फॉलेट यांची ‘आय ऑफ द नीडल’ घ्या. कादंबरी 1978ची, रिचर्ड मार्क्वंड यांचा सिनेमा 1981चा. इथे क्रम उलटा: आधी वाचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये असलेल्या फेबर या जर्मन हेराला कळतं की तिथली प्रचंड फौज लुटुपुटीची आहे, विमानं नुसती लाकडी. हा भाग खऱ्या ‘फॉर्टिट्यूड’ मोहिमेतला. दोस्त राष्ट्रांचा हल्ला फ्रान्सच्या पा-द-कॅले किनाऱ्यावर येणार असं जर्मनांना भासवायचं होतं, आणि 6 जून 1944 ला तो आला नॉर्मंडीत. हल्ला कुठे होणार हे आपल्याला पहिल्या पानापासून ठाऊक, फेबर हेर आहे हेही ठाऊक. तरी पुस्तक खाली ठेववत नाही, कारण फेबर ज्या बेटावर येऊन अडकतो तिथल्या लूसीला काहीच ठाऊक नाही. तिला कधी कळतं, ते पान दुमडून ठेवा. कादंबरीत त्याच्या मागावर असलेल्या प्राध्यापक गॉडलिमनला भरपूर जागा आहे. सिनेमात ती आटते आणि बेटावरची दोन माणसं पडदा व्यापतात. शेवटही पडताळा. कादंबरीत फेबर कडा उतरत असतो आणि लूसी वरून दगड टाकते. सिनेमात तिच्या हातात पिस्तूल आहे. दगड उचलणारी बाई आणि चाप ओढणारी बाई, यांवर आमच्याकडे चहा तीनदा झाला.

एवढं झालं की ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ला हात घाला. ही हेरकथेपेक्षा कमांडो मोहीम अधिक, पण वहीसाठी उत्तम. ॲलिस्टर मॅक्लीन यांच्या 1957च्या कादंबरीत फितूर निघतो तो मोहिमेच्या मदतीला आलेला पानायिस. 1961च्या सिनेमात त्या जागी ॲना नावाची तरुणी आली आहे. कादंबरीतलं ते प्रकरण मोठ्याने वाचा, मग सिनेमातला तोच प्रसंग लावा, आणि फितुरी उघड होण्याआधी कोण कोणाकडे बघतंय तेवढंच उजव्या पानावर टिपा.